व्याजाचा हिशेब आणि डॉलरची खूण

आमच्या घरी हिशेब आजवर तोंडीच चालत आला. माझ्या प्रवेशाच्या वेळी आप्पांनी एका सावकाराकडून १२,००० रुपये घेतले. व्याज दरमहा शेकडा २, फेड १२ महिन्यांत. संगणकाच्या तासाला स्प्रेडशीट शिकताना मी हेच उदाहरण मांडले.

प्रथम मी प्रत्येक ओळीत २% हाताने लिहिले. दर बदलायचा म्हटले की बाराही ओळी खोडाव्या लागत. सरांनी दर ई१ या एकाच घरात लिहावयास सांगितला. बी२ मध्ये मुद्दल, सी२ मध्ये व्याजाचे सूत्र: =बी२*$ई$१. सूत्र खाली ओढले की बी२ चे बी३, बी४ होत जाते, परंतु डॉलरची खूण केलेले घर जागचे हलत नाही. खूण विसरल्यास ई१ चे ई२ होते, ते रिकामे, आणि व्याज शून्य! (असा सावकार कोणाला नको आहे?) बी३ मध्ये =बी२-१०००, तेही खाली ओढावे.

दरमहा १,००० रुपये मुद्दल फिटत गेले, तर घटत्या शिल्लकीवर व्याज २४०, २२० असे उतरत शेवटी २० होते. बेरीज १,५६०. आप्पांनी मात्र बाराही महिने २४० प्रमाणे २,८८० भरले होते. १,३२० रुपये जास्त!

सुटीत घरी मोबाईलवर हे दाखविले. आप्पा म्हणाले, "दर वाढवून बघ." ई१ मध्ये ३% लिहिले. बेरीज २,३४०. तरीही कमीच. आप्पांनी आकडा दोनदा वाचला आणि आईकडे बचत गटाची वही मागितली.