पनवेल ते एडिसन : दारापासून दारापर्यंत

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमान मिळालं तर सुमारे १६ तास. पनवेलहून न्यू जर्सीतल्या एडिसनला निघालेलं कुटुंब हे आकडे पाठ करून बसतं आणि तिथंच फसतं. तिकडे स्थिरावलेली मराठी मंडळी नवख्यांना आधी हेच बजावतात, की तास मोजायचे ते पनवेलच्या घराला कुलूप लागल्यापासून.

विमान रात्री दीडचं आहे, असं धरू. पनवेल ते मुंबई विमानतळ जेमतेम चाळीसेक किलोमीटर; पण शीव-पनवेल महामार्ग आणि वाशीचा खाडीपूल कधी अडवतील, याचा नेम नाही. म्हणून घर सोडायचं आदल्या रात्री आठला. हिवाळा असेल तर न्यूयॉर्कला उतरताना तिथे त्याच दिवसाचे सकाळचे सात वाजलेले असतात. इमिग्रेशन, सामान, मग रस्ता. जेएफके विमानतळ न्यूयॉर्कच्या एका टोकाला आणि एडिसन पलीकडच्या राज्यात, पासष्टएक किलोमीटरवर. दार उघडेपर्यंत पावणेदहा होतात. म्हणजे वेळेतला फरक धरून चोवीस तास उलटून गेले! न्यू जर्सीतल्याच न्यूअर्क विमानतळाचं तिकीट परवडत असेल तर तेच घ्यावं; तिथून एडिसन निम्म्याहून कमी अंतरावर आहे.

परतीला मात्र तास-दीड तास वाचतो. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, ते विमानाला मागून रेटतात. जाताना तेच समोरून येतात. शिवाय पृथ्वीगोलावर मुंबई-न्यूयॉर्क दोरा ताणला तर तो पाकिस्तान, अफगाणिस्तानवरून उत्तरेकडे चढतो. पाकिस्तानने एप्रिल २०२५मध्ये भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून या कंपन्यांना अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला. त्यामुळे जुन्या तिकिटावरची वेळ नव्या प्रवासाला लावू नये.

पनवेलकरांसाठी आणखी एक गोम आहे. उलव्याचा नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ला देशांतर्गत विमानांनी सुरू झाला. घराजवळचा म्हणून तिथून दिल्ली गाठून पुढचं विमान पकडायचा मोह होतो. जरूर पकडावं; पण दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. तिकिटं वेगळी असली आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसरी कंपनी थांबायला बांधील नसते. परतीच्या तिकिटावरचं सांकेतिक अक्षरही वाचावं: ‘एनएमआय’ म्हणजे उलवे, ‘बीओएम’ म्हणजे सांताक्रूझ-अंधेरी. नाहीतर न्यायला आलेली गाडी भलत्याच विमानतळावर उभी राहायची.

अमेरिकेत पुढे आणखी विमान बदलायचं असेल तर मध्ये किमान तीन तास ठेवावेत. इमिग्रेशन पहिल्याच अमेरिकी विमानतळावर होतं आणि सामान तिथंच उचलून पुन्हा द्यावं लागतं. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांची ही तपासणी बहुधा तिथंच उरकते, म्हणून वयस्कर आईवडिलांसाठी काहीजण मुद्दाम तो मार्ग निवडतात. त्यांची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत. चाकाची खुर्ची लागणार असेल तर आधीच कळवावं.

पोचल्यावर घड्याळाचा घोळ उरतोच. हिवाळ्यात भारत साडेदहा तास पुढे असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ. एडिसनहून रात्री साडेनऊला लावलेला फोन पनवेलला हिवाळ्यात आठला वाजतो, मार्चनंतर मात्र सातलाच, आजोबा फिरायला गेलेले असताना.