हत्तिणीची भाषा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वाचक-मंडळानें सारा ग्रुएन या लेखिकेची ‘वॉटर फॉर एलिफंट्स’ ही २००६ सालीं प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी चर्चेस घेतली होती. मंडळांत शिक्षकांबरोबर कांहीं पालकही असतात. ज्यांना इंग्रजी अवगत नाहीं त्यांच्यासाठीं आम्ही प्रत्येक प्रकरणाचा सारांश मराठींत सांगत असूं. कादंबरी प्रौढांसाठीं आहे. विद्यार्थ्यांनीं ती आजच वाचावी असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्या चर्चेंतून निघालेले दोन धडे सर्वांच्या उपयोगाचे वाटल्यावरून येथें देत आहों.

कथा १९३१ सालच्या अमेरिकेंत घडते. १९२९ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत भाव कोसळले आणि पुढें कारखाने व बँका बुडून लक्षावधि लोक बेकार झाले. पशुवैद्यकाचें शिक्षण घेणाऱ्या जेकबचे आईबाप मोटारीच्या अपघातांत मरण पावतात. बापही पशुवैद्यच. मंदीच्या दिवसांत तो पैशाऐवजीं घेवडा व अंडीं घेऊन गरिबांच्या जनावरांना औषधपाणी करीत असे. घर मात्र गहाण पडलेलें. मुलगा शेवटच्या परीक्षेंत कोरा कागद टाकून निघतो आणि रात्रीं एका धांवत्या आगगाडीवर चढतो. ती गाडी फिरत्या सर्कशीची निघते.

‘यांत खरें किती?’ हा प्रश्न ऐतिहासिक कादंबरी वाचतांना प्रथम विचारावा. ती सर्कस, जेकब आणि रोझी नांवाची हत्तीण हीं लेखिकेच्या कल्पनेंतलीं आहेत. परंतु मंदी खरी, आणि १९२० पासून १९३३ पर्यंतची दारूबंदीही खरी. कादंबरींतील कॅमल हा म्हातारा मजूर दारूच्या ऐवजीं आल्याचा अर्क पिऊन पांगळा होतो. १९३० सालीं अशाच अर्कांत विषारी रसायन मिसळल्यामुळें अमेरिकेंत हजारों लोकांचे पाय लुळे पडले होते. नकोशा मजुरांना रात्रीं धांवत्या गाडींतून ढकलून देण्यास सर्कशीच्या लोकांत ‘रेड लायटिंग’ असा शब्दच होता. कॅमलचा अंत तसाच होतो. इतिहासाच्या पुस्तकांतून आपणांस त्या हजारोंचा आंकडा कळतो. कादंबरी वाचतांना त्यांतील एकाच्या उशाशीं आपण बसलेलों असतों.

दुसरा धडा रोझीचा. मालक तिला मोठ्या आशेनें विकत घेतो, पण ती एकही हुकूम पाळीत नाहीं. जनावरांचा मुख्य व्यवस्थापक ऑगस्ट तिला अंकुशानें रक्तबंबाळ करितो. अखेर उलगडा होतो तो असा कीं, तिला फक्त पोलिश भाषा समजते. जेकब पोलिश घराण्यांतला. त्या भाषेंत सांगतांच ती सर्व खेळ करूं लागते.

हा भाग सांगून होतांच एक माता हळूच म्हणाली, “सर, आमच्या पोराचंही तसंच होतं. घरीं आम्ही भिल्ली बोलतों. पहिल्या वर्षीं त्याला उत्तर येत होतं, पण प्रश्नच कळत नव्हता.”

त्या वर्गाचे शिक्षक आम्हीच होतों. आम्हीं त्या मुलावर छडी उगारली नव्हती. पण ‘मठ्ठ’ हा शब्द सर्वांदेखत उच्चारला होता. बाईंच्या स्वरांत राग नव्हता, म्हणून तो अधिकच लागला. गणनेच्या पुस्तकांतील बलामाची गोष्ट आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितली आहे. वाटेंतला देवदूत गाढवीस दिसत होता, धन्यास दिसत नव्हता. आणि मार मात्र तीन वेळां गाढवीनेंच खाल्ला. ती गोष्ट आम्हांलाही उद्देशून आहे हें त्या सायंकाळीं प्रथम कळलें.

विष्णुपंत छत्रे यांनीं १८८० सालीं सर्कस काढली तेव्हांपासून महाराष्ट्रांतील मुलांनीं हत्ती-वाघांचे खेळ टाळ्या वाजवून पाहिले. पुढें सरकारनें १९९८ सालीं वाघ, सिंह, अस्वलें यांच्या खेळांस बंदी केली व २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम ठेविली. त्या मुक्या जिवांच्या बाजूनें कायदा उभा राहण्यास इतकीं वर्षें लागलीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या बाकावर गप्प बसणारा कोणी असेल तर त्यास हंसण्यापूर्वीं तो घरीं कोणती भाषा बोलतो हें विचारा. त्या भाषेंतले चार शब्द शिकून घ्या. आम्हींही त्या मुलाकडून भिल्ली शिकण्यास आरंभ केला आहे. आमचे उच्चार ऐकून तो आतां पोट धरून हंसतो.