ऊर्जेची मापे

एक दुकानदार कापड गजाने मोजतो, तर दुसरा मीटरने. १० गज म्हणजे सुमारे ९.१४ मीटर. माप बदलले की आकडा बदलतो. कापड मात्र तेवढेच राहते. ऊर्जेचेही तसेच आहे.

काम करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा. विज्ञानात ती ज्यूल या एककात मोजतात. इंग्लंडचे शास्त्रज्ञ जेम्स प्रेस्कॉट ज्यूल (१८१८-१८८९) यांचे नाव या एककाला दिले आहे. खाली उतरणाऱ्या वजनांच्या साहाय्याने त्यांनी पाण्यातील पाती फिरवली. पाणी किंचित तापले. किती काम केले म्हणजे किती उष्णता मिळते, हे प्रमाण त्यांनी शोधून काढले.

१ ग्रॅम पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास लागणारी उष्णता म्हणजे १ कॅलरी. ती सुमारे ४.१८ ज्यूलइतकी असते. १,००० कॅलरी म्हणजे १ किलोकॅलरी. खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर हे माप छापलेले असते. बोलताना लोक 'किलो' गाळतात. तुम्ही गाळू नका, नाहीतर उत्तर हजारपटीने चुकेल!

विजेच्या बिलावरील 'युनिट' म्हणजे किलोवॅट-तास. १ वॅट म्हणजे दर सेकंदाला १ ज्यूल. १,००० वॅटचा हीटर १ तास, म्हणजे ३,६०० सेकंद चालला, तर १ युनिट वीज खर्च होते. म्हणून,

१ युनिट = १,००० × ३,६०० = ३६,००,००० ज्यूल.

आता एक उदाहरण पाहू या. बादलीत १० लिटर, म्हणजे १०,००० ग्रॅम पाणी आहे. ते २५ अंशांपासून ४५ अंशांपर्यंत तापवायचे आहे.

उष्णता = १०,००० × २० = २,००,००० कॅलरी
२,००,००० × ४.१८ = ८,३६,००० ज्यूल
८,३६,००० ÷ ३६,००,००० = सुमारे ०.२३ युनिट

काही उष्णता हवेत व बादलीत जाते, म्हणून प्रत्यक्षात थोडी जास्त वीज लागते. लक्षात ठेवा, मोठ्या एककातून लहान एककात जाताना गुणाकार करावा आणि लहानातून मोठ्यात जाताना भागाकार.

मालेगाव, भिवंडी येथील यंत्रमागांच्या मोटारींची शक्ती अश्वशक्तीतही सांगतात. १ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. पण ही शक्ती झाली, ऊर्जा नव्हे. मोटार किती तास चालली हे कळल्याशिवाय युनिट काढता येत नाहीत. ७४६ वॅट वीज घेणारी मोटार १० तास चालली, तर ७.४६ युनिट होतात.

घरी बिल आले की मीटरच्या मागील व चालू नोंदीतील फरक काढा. तो बिलातील युनिटांशी जुळतो का, ते पाहा. आईवडिलांच्या कष्टाचे पैसे त्या आकड्यावर ठरतात. तो आकडा तपासणे हेही तुमच्या शिक्षणाचेच काम आहे.

शब्दार्थ
एकक – मोजण्याचे ठरलेले माप
क्षमता – काम करू शकण्याची ताकद
उपकरण – कामाचे साधन

स्वाध्याय
१. युनिट म्हणजे काय?
२. शक्ती व ऊर्जा यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
३. १० वॅटचा दिवा १०० तास जळला, तर किती युनिट वीज खर्च होईल?