नाम, गाठी आणि स्मरण

परमेश्वर सन्निधानी असता सेवादास्य हा धर्म. असन्निधानी स्मरण हा धर्म. श्रीचक्रधरस्वामी दृष्टीआड झाल्यापासून भिक्षुक असो वा उपदेशी वासनिक, सर्वांस स्मरणाचाच आधार राहिला आहे. म्हणून ते कसे करावे, याचा विचार प्रत्येक साधकाने करणे अगत्याचे आहे.

सातारा-सांगलीचा प्रदेश नामजपाचा आहे. माण तालुक्यातील गोंदवले येथे ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५-१९१३) त्रयोदशाक्षरी राममंत्राचा प्रसार केला. सांगली जिल्ह्यात कृष्णातीरी औदुंबर येथे दत्तनामाचा घोष चालतो. अशा परिसरात राहणाऱ्या वासनिकाच्या मनात सहजच प्रश्न उठतो : शेजारी लक्षावधी जपाचा संकल्प करतात, मग आपली गाठी दिवसातून किती वेळा फिरली म्हणजे पुरे?

या प्रश्नाचे उत्तर संख्येत नाही. पंथात नाम, लीला, मूर्ती व चेष्टा असे स्मरणाचे चार प्रकार मानले आहेत. नाम घेताच मूर्ती डोळ्यांपुढे यावी, लीला आठवावी, चेष्टा मनात भरावी. तेव्हाच नामाचे स्मरण पूर्ण होते.

याचे उदाहरण सातारा जिल्ह्यातीलच फलटणचे घ्यावे. येथे जनकनायक व जनकाइसे यांच्या उदरी श्रीचक्रपाणीप्रभू अवतरले. पुढे गृहत्याग करून ते मातापुरास, म्हणजे माहुरास गेले. तेथे श्रीदत्तात्रेयप्रभूंनी व्याघ्ररूपाने त्यांच्या मस्तकी पंजा ठेवून शक्ती दिली. नंतर द्वारावतीस राहून ते खराट्याने रस्ते झाडीत, केर सुपात भरीत आणि गोमतीत टाकीत.

आता मुखाने 'श्रीचक्रपाणी' हे नाम शंभर वेळा उच्चारले आणि चित्त मात्र बाजारात फिरत राहिले, तर जिव्हेस श्रम झाले, स्मरण घडले नाही. उलट पहाटे अंगण झाडताना एखाद्या बाईच्या मुखी तेच नाम एकदाच आले, आणि हातातील केरसुणीबरोबर द्वारावतीचा तो रस्ता, ते सूप, तो खराटा तिला आठवला, तर तिचे स्मरण घडले. तिला वेगळी सवड काढावी लागली नाही.

म्हणून गाठी सोडून द्यावी, असे मात्र नव्हे. चित्त चंचल आहे. प्रत्येक गाठ त्यास परत हाक मारते. परंतु वार्धक्यात बोटे थरथरतात, जिभेस शब्द जड होतात, मोजणी चुकते. त्या वेळी ज्याने केवळ संख्या जोडली, त्याच्यापाशी काय उरेल? ज्याने लीला जोडली, त्यास अंथरुणावर निपचित पडूनही मनाने फलटणास जाता येईल, द्वारावतीच्या रस्त्यावर उभे राहता येईल.

तरी साधकाने रोज एक लीला निवडावी, ती एकदा वाचावी किंवा ऐकावी, आणि त्या दिवशीचे नाम त्या लीलेसह घ्यावे. गाठी थोडी फिरली तरी चालेल. मन मात्र प्रभूंच्या सन्निध राहिले पाहिजे.

दंडवत प्रणाम.