किरकोळ अधिकार आणि न्यायबुद्धी : ‘शेतकऱ्याचा असूड’ व ‘बनगरवाडी’ यांच्या संदर्भात

मराठी समीक्षेने सत्तेचा विचार केला तो प्रामुख्याने मोठ्या सत्तेचा. सावकार, जमीनदार, गिरणीमालक, पुढारी आणि त्यांच्यासमोर उभा असलेला नाडलेला माणूस, अशी मांडणी आपल्या परिचयाची आहे. ग्रामीण आणि दलित साहित्याच्या चर्चेत ती बरीच उपयोगी पडली, यात शंका नाही. मात्र या दोन टोकांच्या मध्ये कारकून, मुकादम, तलाठी, शाळामास्तर, हजेरी मांडणारा अशी जी माणसे उभी असतात, त्यांच्याकडे पाहताना समीक्षेने त्यांना एक तर वरच्यांचे हस्तक मानले किंवा विनोदाचा विषय मानले. त्यांच्या हातातला अधिकार इतका किरकोळ असतो की त्याला सत्ता म्हणावे की नाही, असाच प्रश्न पडावा. प्रस्तुत लेखात अशा किरकोळ अधिकाराने धारकाच्या न्यायबुद्धीची जी परीक्षा होते तिचा विचार दोन साहित्यकृतींच्या आधारे करावयाचा आहे.

प्रथम या अधिकाराचे स्वरूप स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. त्यासाठी घोड नदीच्या खोऱ्यातले उदाहरण घेऊ. घोडेगावहून भीमाशंकरकडे निघाले की वाटेत शिनोली लागते. पुढे डिंभे धरण, ज्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. आणखी वर गेले की हिरड्याचे रान आणि महादेव कोळ्यांच्या वाड्या. या पट्ट्यातल्या माणसाला गेल्या अर्धशतकात सरकार भेटले ते मंत्र्याच्या रूपाने क्वचितच. जमीन मोजणारा, हिरडा ओला की सुका हे ठरवून तोलणारा, रोजगार हमीच्या कामावर हजेरी मांडणारा, अशा रूपांनी ते भेटले. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला व १९७९पासून अमलात आला. कायद्याने कामाची हमी दिली, पण मजुरी ठरे मोजमापावर. टोळीने खणलेला खड्डा मोजायचा आणि तो मऊ मातीत खणला, मुरुमात खणला की कठीण मुरुमात, हे कागदावर लिहायचे. दर त्यावर अवलंबून. ‘कठीण’ हा एक शब्द लिहिला किंवा गाळला तरी सबंध टोळीच्या आठवड्याच्या पगारात फरक पडतो. लिहिणारा स्वतः फारशा मोठ्या पगारावर नसतो, बहुधा त्याच परिसरातला असतो, आणि ज्यांची मजुरी तो लिहितो त्यांपैकी काही त्याचे सोयरे असतात. शिनोलीकडून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. समजावून सांगावे लागते ते त्याच्या अध्यापकाला.

वर्ग ठरवणे, क्रम लावणे आणि लिहिणे अशा तीन क्रियांनी किरकोळ अधिकार घडतो. तो कोणाला फाशी देत नाही की कोणाची जमीन उघडपणे हिरावून घेत नाही. ‘उद्या या’ एवढेच तो म्हणू शकतो. पण ‘उद्या या’ हे कोणाला म्हणायचे आणि कोणाला आत बसवून घ्यायचे, याची नोंद कुठल्याही दप्तरात होत नाही, आणि म्हणूनच तेथे झालेल्या अन्यायाविरुद्ध दादही मागता येत नाही. लाच हा यातला सर्वांत ढोबळ आणि, वाङ्मयीन दृष्टीने पाहता, सर्वांत कमी रसाचा भाग होय.

या अधिकाराचे पहिले समग्र वर्णन मराठीत जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात आढळते. हा ग्रंथ छापील रूपात सर्वत्र पोचण्याआधी जोतीरावांनी तो ठिकठिकाणी वाचून दाखवला. त्या ठिकाणांत जुन्नर आणि ओतूर ही आपल्या परिसरातली गावे होती, ही गोष्ट केवळ स्थानिक अभिमानाची नाही. श्रोत्यांना ज्या कचेरीत हेलपाटे घालावे लागत होते तिचेच वर्णन त्यांच्यासमोर वाचले जात होते. जोतीरावांचे म्हणणे थोडक्यात असे : गोरा अधिकारी ऐषआरामात, आणि सही करण्यापुरता; खरा कारभार कुळकर्ण्याच्या आणि कचेरीतल्या कारकुनाच्या हाती; आणि शेतकरी निरक्षर असल्यामुळे कागदात काय लिहिले गेले हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. दोन भाऊबंदांच्या बांधावरच्या क्षुल्लक तंट्यापासून अर्ज, साक्षी, तारखा, खर्च या पायऱ्यांनी दोघेही कसे बुडतात, याचे त्यांनी केलेले वर्णन आजही वाचकाला अस्वस्थ करते. साहेबाकडे गाऱ्हाणे नेऊन हताश परतणारा, वाटेने स्वतःशीच बोलत चाललेला त्यांचा शेतकरी हा मराठी गद्यातल्या पहिल्या मोठ्या व्यक्तिचित्रांपैकी एक मानावा लागेल. तो स्वतःशी बोलतो, कारण ऐकण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांनी ऐकलेले नसते.

या ग्रंथाच्या प्रकाशनाचा इतिहासही आपल्या विषयाला धरूनच आहे. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक चळवळीतले, जोतीरावांचे सहकारी. त्यांनी ग्रंथाचे पहिले दोन भाग छापले आणि पुढचे छापण्याचे थांबवले. जोतीराव संतापले. लोखंडे गिरणीत नोकरी केलेले, पुढे १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे आणि १८९०मध्ये साप्ताहिक सुटी मिळवून देणारे गृहस्थ होते. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही काय छापायचे आणि काय मागे ठेवायचे, हा निर्णय त्यांच्या टेबलावर झाला. किरकोळ अधिकार केवळ विरोधकाच्याच हाती असतो असे नाही, हे यावरून दिसते.

जोतीरावांनी अन्यायाचे कारण जातीच्या अक्षरमक्तेदारीत शोधले. त्या काळच्या वस्तुस्थितीशी ते सुसंगत होते, आणि त्याला सौम्य करण्याची गरज नाही. परंतु त्यामुळे ‘असूड’मध्ये कारकून नेहमी बाहेरून दिसतो. अर्जदाराच्या बाजूने, खिडकीच्या अलीकडून. खिडकीच्या पलीकडे बसलेला माणूस भला असेल, लोभी नसेल, ज्यांचे काम करायचे त्यांच्याविषयी त्याला माया असेल, तर मग काय होते, हा प्रश्न त्या ग्रंथाच्या कक्षेत येत नाही. तो येतो ‘बनगरवाडी’त.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. प्रादेशिक साहित्याचा नमुना, माणदेशाचे चित्र, दुष्काळाचे काव्य अशा अंगांनी तिच्यावर विपुल लिहिले गेले. अमोल पालेकरांच्या १९९५च्या चित्रपटानेही ती याच अंगाने पुन्हा चर्चेत आली. तिचा निवेदक राजाराम हा औंध संस्थानातला नोकरीवर नवा लागलेला मास्तर आहे, ही गोष्ट मात्र चर्चेत पार्श्वभूमीसारखी राहिली. माझ्या मते ती कादंबरीचा कणा आहे. माडगूळकर स्वतः त्याच संस्थानातल्या माडगूळचे. १९३९च्या राज्यघटनेने गावांच्या हाती कारभार सोपवू पाहणारे हे छोटे संस्थान होते. त्या प्रयोगाचा कादंबरीत उच्चारही फारसा नाही. पण गावात सरकार म्हणून जे काही आहे ते एकटा मास्तरच, ही परिस्थिती तिने पकडली आहे.

मास्तराचा नेमून दिलेला अधिकार शाळेपुरता. धनगरांची पोरे मेंढरांमागे असतात. शाळा भरते ती कारभाऱ्याने मनावर घेतल्यावर. म्हणजे मास्तराचा अधिकार सरकारने दिला तरी तो चालू केला गावाने. पुढे तो वाढत जातो. पत्रे लिहायची, बाजारच्या गावाहून वस्तू आणायच्या, रामा बनगराचे जुने रुपये मोडून आणायचे, भांडणात मधे बसायचे. यांपैकी कोणतीच गोष्ट नोकरीच्या कागदात नाही. विश्वासाने मिळालेला हा अधिकार आहे, आणि वाचकाला तो इतका निरुपद्रवी वाटतो की त्यात कसोटी कसली, असे वाटावे.

कसोटी लागते ती अंजीच्या चोळीपाशी. कारभाऱ्याची मुलगी मास्तराला चोळी शिवून आणायला सांगते. मास्तर सगळ्यांचीच कामे करतो, तसे हेही करतो. एखाद्या म्हातारीने तेच सांगितले असते तर कोणाच्या ध्यानातही आले नसते. पण कारभाऱ्याच्या मनात संशय येतो आणि तो मास्तराशी बोलणे टाकतो. ज्याच्या शब्दाने शाळा भरली त्यानेच तोंड फिरवले. येथे अन्याय कोणी केला? निवेदक निर्दोष आहे हे आपल्याला ठाऊक असते, कारण आपण त्याच्या मनात बसलेलो असतो. कारभाऱ्याला तेथे बसता येत नाही. त्याला दिसते एवढेच की ज्याच्याकडे सबंध गाव आपली कामे घेऊन जाते, त्याने आपल्या मुलीचे एक काम केले. खासगी माणसाचा उपकार हा उपकार असतो. अधिकार असलेल्याच्या उपकाराला मात्र गाव कारण शोधते. मास्तराला हे कळते ते उशिरा, आणि कळूनही सिद्ध करण्याचे साधन त्याच्यापाशी नसते.

याच्या उलट बाजूस शेकूचे घर आहे. जोडीला दुसरा बैल नाही म्हणून त्याची बायको औताला खांदा देते. मास्तर हे पाहतो. पण बैल देण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. जेथे मदत खरोखर हवी तेथे त्याचा अधिकार पोचत नाही आणि जेथे पोचतो तेथे तो चोळीसारख्या गोष्टीत अडकतो, ही विसंगती माडगूळकरांनी एका शब्दाचेही भाष्य न करता ठेवली आहे. गावाकडून तालीम बांधून घेण्याचा त्याचा उत्साहही या प्रकाशात तपासावा. तालमीचे काम गावाने अंगमेहनतीने केले, उद्घाटनाला राजेसाहेब आले, सोहळा झाला. तालीम गावाला हवी होती की मास्तराला? कादंबरी हा प्रश्न विचारत नाही. आपण मात्र वर्गात तो विचारायला हवा. चांगले काम करवून घेण्याची आणि त्या कामाच्या निमित्ताने आपण गावाच्या डोळ्यांत चांगले ठरण्याची इच्छा या दोन गोष्टी वेगळ्या करणे मास्तरालाही जमलेले नाही. मला तर वाटते की लोभापेक्षा ही इच्छाच भल्या अधिकाऱ्याच्या न्यायबुद्धीला अधिक गोत्यात आणते. लोभाची निदान त्याला लाज वाटते.

निवेदनपद्धतीचा मुद्दा येथे निर्णायक ठरतो. ‘बनगरवाडी’ प्रथमपुरुषी आहे. गावात लिहिता येणारा मास्तरच, आणि कादंबरी लिहितोही तोच. जोतीरावांनी ज्या अक्षरमक्तेदारीवर असूड ओढला ती येथे निवेदनाच्या रूपानेच हजर आहे, फक्त ती मायेने वापरलेली आहे. त्यामुळे मास्तर न्यायी होता की नाही याचा पुरावा त्याच्या शब्दांत शोधून भागत नाही. तो कारभाऱ्याच्या अबोल्यात, दादू बालट्याच्या विरोधात, म्हणजे निवेदकाला आपल्या वाक्यात पूर्णपणे सामावून घेता न आलेल्या वागण्यात शोधावा लागतो. दादूला केवळ खलप्रवृत्तीचा ठरवून मोकळे होणारा वाचक नकळत मास्तराच्या दप्तरावर सही करत असतो. ‘असूड’ आणि ‘बनगरवाडी’ जोडीने शिकवण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठी : एकीत अर्जदार बोलतो व कारकून गप्प आहे, दुसरीत कारकुनाच्या जागी बसलेला माणूस बोलतो व अर्जदार गप्प आहेत.

शेवटी पाऊस दगा देतो, मेंढरे मरतात, गाव जगायला बाहेर पडते. रिकाम्या वाडीत मास्तराच्या बदलीचा हुकूम येतो. ज्या अधिकाराने हे सारे घडले तो वरून, एका कागदाने, काढून घेतला जातो. आणि गावाकडे आता पत्र लिहून देणारे कोणी उरलेले नसते. तो हुकूमही कुठल्या तरी कचेरीत, कुणा कारकुनानेच लिहिलेला असणार.