यादी वाचणारी माणसं हवी आहेत

बारावीचा निकाल लागला की इस्लापूर, किनवट, हिमायतनगर भागातल्या पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. नीटसाठी मुलाला नांदेडला ठेवावं की लातूरला? नर्सिंग बरं की फार्मसी? पोलीस भरतीची तयारी करत करत बी.ए. केलं तर चालेल का? आज मी यातला एकही प्रश्न घेणार नाही. पालक जरा दबक्या आवाजात विचारतात आणि ज्याचं सरळ उत्तर त्यांना सहसा मिळत नाही, तो प्रश्न घेतो. ‘पोरगी म्हणते, लोकांच्या घराच्या प्रश्नावर काम करायचंय. ग्रामसभा, घरकुल, वनहक्क असलं काहीतरी. याला करिअर म्हणायचं का?’

म्हणायचं. मात्र हे समाजसेवेचं व्रत आहे अशा समजुतीने त्यात उतरू नये, आणि रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असं समजून मुलांना त्यातून ओढूनही काढू नये. हे एक कसबाचं काम आहे. त्याला शिक्षण लागतं, सराव लागतो आणि पगारही मिळतो. संस्थांमध्ये या माणसाला क्षेत्र समन्वयक किंवा समुदाय संघटक म्हणतात. गावात त्याला ‘घरकुलाचं बघणारे सर’ नाहीतर ‘ताई’ म्हणतात.

काम काय असतं ते आपल्याच किनवट तालुक्यात पाहू. गोंड, कोलाम, आंध, प्रधान यांच्या वस्त्या, बंजारा तांडे, बौद्ध वस्ती, सगळं एकमेकांना लागून. घरकुलाच्या योजना प्रत्येकासाठी वेगळ्या: अनुसूचित जमातींना शबरी, अनुसूचित जाती व नवबौद्धांना रमाई, विमुक्त-भटक्यांना यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गीयांना मोदी आवास, आणि या सगळ्यांवर पंतप्रधान आवास योजना. कोलाम ही आदिम जमात असल्याने १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेतून कोलाम कुटुंबाच्या घराला २ लाख रुपये मंजूर होतात, तर त्याच शिवारातल्या दुसऱ्या कुटुंबाला पंतप्रधान आवासचे १ लाख २० हजार. कोणत्या कुटुंबाने कोणत्या दारात जायचं, हे सांगणारा माणूस वस्तीत नसेल तर वर्षं निघून जातात.

पैसा मंजूर झाला तरी घर उभं राहतंच असं नाही. माणसं अडतात ती कागदावर. घरकुलाच्या ‘ड’ यादीत नाव आहे, पण जागाच नाही. जागा आहे, पण ग्रामपंचायतीच्या नमुना आठला आजोबांचं नाव आणि खाली तीन भावांच्या तीन चुली. आधारवर ‘लक्ष्मीबाई’, बँकेच्या पासबुकात नुसती ‘लक्ष्मी’. सर्वेक्षणाला माणूस आला तेव्हा घर ऊसतोडीला गेलेलं, म्हणून दाराला कुलूप आणि नाव गळालेलं. घर वनजमिनीवर असेल तर आणखी एक गाठ. वनहक्क कायद्याप्रमाणे आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरतं. शेजारच्या तांड्यातल्या बंजारा कुटुंबाला मात्र, महाराष्ट्रात ते अनुसूचित जमातीत येत नसल्याने, तीन पिढ्यांच्या म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा जोडावा लागतो. दोघांच्या मध्ये बांध एक, पण अर्ज दोन. संघटकाला दोन्ही घरी तितक्याच आपुलकीने बसता आलं पाहिजे. एकाचीच बाजू घेऊन बसला की त्याचं काम तिथेच संपतं.

यातला एकेक अर्ज मार्गी लावणं ही झाली मदत. करिअर म्हणून मी ज्याबद्दल लिहितो आहे, ते याच्या पुढचं आहे. तोच अडथळा दहा वस्त्यांत दिसला की तो एका कुटुंबाचं दुर्दैव उरत नाही, तो नियमातला दोष ठरतो. मग त्या दहा वस्त्यांची नावं, कागद, तारखा एकत्र करायच्या, ग्रामसभेचा ठराव घ्यायचा, गटविकास अधिकाऱ्यांकडे, किनवटच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत तो मांडायचा, आमदारांकडून विधानसभेत प्रश्न विचारून घ्यायचा. धोरण असं बदलतं. घरकुलासाठी अपात्र ठरवणाऱ्या अटींत पूर्वी दुचाकी आणि फ्रिज होते. दवाखाना लांब असलेल्या गावात जुनी दुचाकी घेतली म्हणून कुटुंब ‘संपन्न’ ठरायचं. २०२४ मध्ये या अटी १३ वरून १० वर आल्या, दुचाकी आणि फ्रिज वगळले गेले, मासिक उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजारांवर गेली. जागा नसलेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला ५० हजार मिळायचे, ते १ लाखापर्यंत वाढले. घरकुलाची रक्कम वर्षानुवर्षं तीच, आणि सिमेंट-लोखंडाचे भाव चढत गेलेले. अखेर २०२५ मध्ये राज्य सरकारने आपल्याकडून ५० हजारांची भर घालायचं ठरवलं, त्यातले १५ हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी. खालून सतत येणारी तक्रार, आकडे आणि ठराव नसतील तर वर बसलेल्या माणसाला दुचाकीची अट अन्यायाची आहे हे कळायचं कसं?

या कामाची सगळ्यात मोठी शाळा आपल्याच मराठवाड्यात भरली होती, आणि आजच्या विद्यार्थ्यांना ती ठाऊक नसते याचं मला वाईट वाटतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. झोपलेल्या माणसांवर घरंच कोसळली. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम आला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. तिथे घराचा आकार जमिनीवरून ठरला: भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्याला ४५०, त्याहून जास्त जमीन असलेल्याला ७५०. म्हणजे ज्याच्याकडे कमी, त्याला घरही लहान. हा निर्णय बरोबर होता का, यावर गावकऱ्यांनी बोलायला हवं होतं. माझ्या मते तो चूक होता. भूमिहीनाच्या घरातही माणसं तेवढीच असतात.

पण याच कार्यक्रमाचा दुसरा भाग वेगळ्या वाटेने गेला. ज्या गावांत घरं पूर्ण पडली नव्हती, तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनी स्वतः करायचं होतं. सरकार पैसे आणि अभियंता देणार. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडे लोकसहभागाची जबाबदारी आली, आणि हजारावर गावांत ‘संवाद सहायक’ म्हणून गावातल्याच बायका नेमल्या गेल्या. बऱ्याच जणींचं शिक्षण थोडं होतं. त्यांनी काय केलं? कुणाला किती रक्कम मिळायची ते घरोघरी सांगितलं. बँकेत खातं उघडायला बायकांसोबत गेल्या. अभियंत्याने भिंतीच्या कोपऱ्यात लोखंड का घालायला सांगितलं ते समजून घेतलं आणि शेजारणीला समजावलं. गवंडी कच्चं काम करत असेल तर त्याला थांबवलं. पुढे २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा याच मराठवाड्याच्या बायका तिथल्या बायकांना स्वतःचा अनुभव सांगायला गेल्या. डिग्रीच्या आधी माणसाला काय यावं लागतं, ते यातून कळतं. कागद वाचता यावा, तो दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगता यावा, आणि अभियंत्यापुढे उभं राहून ‘हे असं का?’ असं विचारता यावं.

आता शिक्षणाकडे येऊ. बारावीनंतर, शाखा कोणतीही असो, समाजकार्याची पदवी घेता येते, आणि कोणत्याही पदवीनंतर दोन वर्षांची एम.एस.डब्ल्यू. आपल्याला सगळ्यात जवळचं नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. ग्रामीण कामाचा खरा कस हवा असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूरचं केंद्र बघा. ते १९८६ पासून मराठवाड्यातच आहे आणि पदव्युत्तर प्रवेश सीयूईटी-पीजी परीक्षेतून होतात. मुंबईचं निर्मला निकेतन आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्थाही जुन्या आणि नावाजलेल्या आहेत. प्रवेश घेताना मी पालकांना एकच गोष्ट विचारायला सांगतो: क्षेत्रकार्य आठवड्यातून किती दिवस, आणि ते प्रत्यक्ष होतं की हजेरीपुरतं? ज्या महाविद्यालयात क्षेत्रकार्य कागदावर उरकतात, तिथली पदवी या क्षेत्रात फारशी कामाला येत नाही.

नुसत्या समाजकार्याच्या पदवीवर थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सोबत एक हातचं कसब असू द्या. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. केलं तर वनहक्काचा दावा फेटाळल्यावर अपील लिहायला तालुक्याला वकील शोधत फिरावं लागत नाही. दहावीनंतर सिव्हिल डिप्लोमा केलेल्या मुलाला पंचायत समितीत घरकुलांची तपासणी करणाऱ्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याचं कंत्राटी काम मिळू शकतं, आणि जोत्याची, छताची पातळी पाहून पुढचा हप्ता कधी सोडायचा हे त्याला नेमकं कळतं. कॉमर्सवाल्याला सामाजिक अंकेक्षणात मान आहे, कारण तिथे हजेरीपट आणि खर्चाची बिलं ताडून बघायची असतात.

नोकऱ्या कुठे? स्वयंसेवी संस्थांत, ‘उमेद’ अभियानात, आदिवासी विकास विभागाच्या वनहक्क आणि पेसा कामांत, सामाजिक अंकेक्षणात, कंपन्यांच्या सामाजिक निधीवर चालणाऱ्या प्रकल्पांत. पदवीनंतर एसबीआय यूथ फॉर इंडियासारखी फेलोशिप घेऊन वर्षभर गावात राहता येतं. राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिपही आहे, तिथून प्रशासन आतून दिसतं.

पालकांनो, पैशाचं आता स्पष्ट बोलतो. यातल्या बहुतेक नेमणुका कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की करार संपतो. सुरुवातीचा पगार पुण्याच्या कंपनीतल्या मुलाइतका नसेल. म्हणून नियुक्तिपत्र हाती आलं की मुलाच्या उत्साहाला बाजूला ठेवून तुम्ही विचारा: करार किती महिन्यांचा, पीएफ कापतात का, प्रवासभत्ता वेगळा की पगारातच, मुलगी असेल तर मुक्कामाच्या गावी राहायची सोय कोण करणार, आणि अंतर्गत तक्रार समिती आहे का. हे विचारल्याने कुणी रागावत असेल तर ती संस्था सोडून द्या. पाच-सहा वर्षं नेटाने केलेल्या माणसाला मात्र पुढे जिल्हा समन्वयक, प्रशिक्षक, संशोधक अशा वाटा मिळतात, आणि ज्याला दहा गावं नावानिशी ओळखतात त्याला संस्था शोधत येतात.

जोखीमही सांगतो. घरकुलाच्या हप्त्यातून कुणी ‘चहापाणी’ घेत असेल आणि तुमच्या मुलाने ग्रामसभेत हप्त्यांचा हिशेब वाचून दाखवला, तर गावात दोन माणसं त्याच्याशी बोलणं सोडतील. कुणी त्याला एखाद्या पक्षाचा ठरवेल. यावर एकच उपाय मला खात्रीचा वाटतो: हात स्वच्छ ठेवणं, आणि तो दिसेल असा ठेवणं. कुणाचंही पासबुक, एटीएम, आधार स्वतःच्या पिशवीत ठेवू नये. कुणाच्या हप्त्यातला एक रुपया स्वतःच्या खात्यावर घेऊ नये, सिमेंट स्वस्तात आणून देण्यासाठीसुद्धा नाही. माहिती हवी असेल तर तोंडी न मागता १० रुपयांच्या फीवर माहिती अधिकाराचा अर्ज करावा आणि ३० दिवस थांबावं. कागदावरचं उत्तर नंतर कुणी नाकारू शकत नाही.

आणि इस्लापूरच्या मुलांकडे एक भांडवल असं आहे, जे मुंबई-पुण्याच्या हुशार मुलांकडे नाही. घरात मराठी, बाजारात तेलुगू, मित्राच्या घरी गोंडी किंवा गोरबोली. कोलामांच्या पोडावर म्हातारीशी तिच्या भाषेत चार वाक्यं बोलता येणारा मुलगा जे ऐकून येईल, ते कुठल्याही सर्वेक्षणाच्या अर्जात उतरत नाही. सीमेपलीकडे तेलंगणात योजना वेगळी, जातींच्या याद्या वेगळ्या, आणि नातेवाईक मात्र दोन्हीकडे. ही तुलना ज्याला जगण्यातून कळते, त्याचं म्हणणं धोरण ठरवणाऱ्यांपुढे वजन धरतं. या भाषा शाळेत गेल्यावर विसरायच्या असतात, अशी समजूत काही घरांत आहे. ती सोडा.

एक काम आत्ताच करता येईल, त्याला फी नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यांतली जी ग्रामसभा जवळ असेल तिला मुलाला किंवा मुलीला पाठवा, आणि तुम्हीही जा. वहीपेन बरोबर असू द्या. घरकुलाची यादी पूर्ण वाचून घ्यायला सांगा, कोणाचं नाव का गळालं ते विचारायला सांगा, आणि घरी आल्यावर ते तुम्हाला समजावून सांगायला सांगा. मुलाचं किंवा मुलीचं बोलणं तुम्हाला पटलं, त्यात जीव दिसला, तर प्रवेशाचा अर्ज भरायला सोबत जा.