अक्का, आज पाणी आहे

सोलापूरच्या पूर्वभागात मी २०१५ पासून आशा म्हणून काम करते. माझ्या वाट्याला चारशेच्या आसपास घरं, माणसं दोन हजारांच्या वर. बहुतेक घरांत पुरुष यंत्रमागावर आणि बायका विडीवर. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, काही ठिकाणी कन्नड. नागरी आरोग्य केंद्र चालत दहा मिनिटांवर, बाळंतपणाचे मोठे दवाखाने रिक्षाने वीस मिनिटांवर. तरी मी नोंदवलेली पहिली गरोदर बाई सातव्या महिन्यात होती आणि तोवर तिची एकदाही तपासणी झालेली नव्हती. ते मला फार लागलं. खेड्यात रस्ता नसतो, गाडी मिळत नाही, म्हणून बाई अडते हे ऐकून होते. इथे तर दारातून रिक्षा जाते. मग ही कशाने अडली? त्याचं उत्तर शोधता शोधता जे कळलं, ते लिहिते.

१. रस्ता दहा मिनिटांचा, पण दिवस अख्खा जातो

विडीची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. सकाळी ती कात्रीने कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा आणि ठरल्या वेळेला विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या. मजुरी हजार विड्यांवर. भिजवलेलं पान वाळलं की वळताना फाटतं, म्हणजे मजुरी तर जातेच, वर पानांचा हिशोब द्यावा लागतो. आणि केंद्रात केसपेपर, वजन, रक्त, लघवी, मग डॉक्टरांची रांग करता करता दुपारचा एक वाजतो. पहिली दोन वर्षं मी नुसतं ‘उद्या ये गं’ म्हणून यायचे आणि ती आली नाही की मनातल्या मनात तिच्यावर चिडायचे. ते चूक होतं. आता मी आदल्या संध्याकाळी जाते आणि म्हणते, ‘आज पानं अर्धीच भिजव.’ एवढ्या एका वाक्याने जितक्या बायका केंद्रात आल्या, तितक्या कुठल्याही पोस्टरने आल्या नाहीत.

२. तारीख ठरवण्याआधी पाणी विचारायचं

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं आणि आलं की घरातली प्रत्येक बाई भांडी, पिंपं, बादल्या घेऊन नळावर. एकदा मी दहा जणींना तपासणीसाठी पक्कं केलं होतं. आल्या दोघी. बाकीच्यांच्या दारात गेले तर एकेक जण ओल्या साडीत उभी. ‘अक्का, आज पाणी आहे.’ त्यात एक आठव्या महिन्याची, कमरेवर भरलेली घागर. पुढे माझ्या वहीत गरोदर बायांच्या यादीशेजारी त्या त्या गल्लीच्या पाण्याचा दिवस लिहायला लागले. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून गरोदर बायांची मोफत तपासणी होते. ती तारीख काही पाण्यासाठी बदलत नाही. मग ९ तारीख आणि पाणी एकाच दिवशी आलं, तर महिला आरोग्य समितीतल्या दोघी-तिघी तपासणीला गेलेल्या बाईचं पिंप भरून ठेवतात. समितीच्या कागदावर असलं काम कुठे लिहिलेलं नाही. पण गल्लीतल्या समितीचा मला झालेला सगळ्यात मोठा उपयोग हाच.

३. सुनेच्या आधी सासूशी बोलायचं, पण सुनेचं गुपित सासूला नाही सांगायचं

गरोदरपणाची नोंद बारा आठवड्यांच्या आत व्हायला हवी. पहिला रक्तदाब, पहिलं वजन, पहिलं हिमोग्लोबिन तेव्हाच हाती लागलं, तर पुढे काय बिघडलं ते ओळखता येतं. आणि आमच्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, दृष्ट लागते. या समजुतीवर मी कधी वाद घातला नाही. ज्या सासूचं एखादं मूल पोटात गेलेलं असतं, तिला ती भीती खरी असते. मी म्हणते, ‘मामी, गल्लीला सांगू नका, मला एकटीला सांगा. माझ्या वहीत लिहिलेलं बाहेर जात नाही.’ आणि ते मी पाळते.

पाळणं सोपं नाही. निश्चय किटवर गरोदरपणाची तपासणी करून घ्यायला येणाऱ्या मुली कधी कधी मूल नको म्हणून आलेल्या असतात, घरात कुणालाच माहीत नसतं. त्यांना मी योग्य डॉक्टरांपर्यंत पोहोचवते आणि चौकात त्या भेटल्या की नुसतं ‘जेवलीस का’ एवढंच विचारते. माझ्या तोंडून एक शब्द जरी निसटला असता, तरी पुढच्या चार वर्षांत एकही सून माझ्याजवळ पाळी चुकल्याचं बोलली नसती.

४. गोळ्या वाटल्या म्हणजे गोळ्या पोटात गेल्या असं नाही

या बाबतीत मी सगळ्यात जास्त चुकले आणि सगळ्यात जास्त शिकले, म्हणून सविस्तर लिहिते.

लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस घ्यायची असते. मी पाकिटं द्यायचे, सही घ्यायचे, अहवालात आकडा भरायचे. एका घरात सून सहाव्या महिन्यात दम लागून भिंतीला टेकून बसलेली दिसली. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर पांढरी फटक. हिमोग्लोबिन ७.४ निघालं. गरोदरपणात ते ११ तरी असावं लागतं आणि ७ च्या खाली गेलं तर जिवाला धोका. मी म्हटलं, गोळ्या देते ना मी तुला? ती उठली, फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. आत मी दिलेली जवळजवळ सगळी पाकिटं, न फोडलेली. एकावर एक, कडा जुळवून, नीट रचलेली. माझं मन मोडू नये म्हणून ती दर वेळी घेत होती आणि सांभाळून ठेवत होती.

‘खाल्ली की मळमळतंय बगा अक्का. शी पण काळी होतीय.’

मी तिथेच बसले. तिने काम सुरू केलं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि पोट पुढे आल्याने सूप गुडघ्यांपर्यंत सरकलेलं. वाकून वाकून वळत होती. खोली दहा बाय दहाची, खिडकी एक, ती पण बंद, वाऱ्याने तंबाखू उडते म्हणून. दहा मिनिटांत माझं डोकं जड झालं. तंबाखू नुसती हाताळली तरी निकोटिन कातडीवाटे अंगात जातं. सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची आणि लगेच त्या सुपावर बसायचं, मग मळमळणार नाही तर काय होईल? आम्ही वेळ बदलली. रात्री जेवण झाल्यावर, सूप उचलून ठेवल्यावर, हात साबणाने धुऊन गोळी, जमलं तर लिंबाच्या पाण्याबरोबर. चहा तासभर आधी नाही, नंतर नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगाला नीट लागत नाही. काळी शी झाली तर घाबरायचं नाही, ते लोहामुळेच होतं, हेही सांगितलं. खरं तर हे मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं.

मग मी सही घेणं दुय्यम धरलं आणि ‘रिकामं पाकीट दाखव, मग नवीन घे’ असं सुरू केलं. त्या सुनेला केंद्रातल्या डॉक्टरांनी शिरेतून लोहाची इंजेक्शनंही दिली. बाळंतपणाच्या वेळी हिमोग्लोबिन १०.२ होतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात आणि त्याच पाहणीत ४५.७ टक्के गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी होतं. हे दोन आकडे मी वाचले, तेव्हा तो पत्र्याचा डबा डोळ्यांपुढे आला.

५. दुखणं ती तिच्या भाषेत सांगणार

मला तेलुगू कामापुरती येते, शेजारणींकडून शिकलेली. एका दुपारी आठव्या महिन्यातली बाई सहज बोलता बोलता म्हणाली, दोन दिवस झाले, ‘तलनोप्पी’ आहे. डोकेदुखी. मराठीत विचारलं असतं, ‘काही त्रास?’ तर ‘नाही’ म्हणाली असती, हे मला ठाऊक आहे, कारण आदल्या आठवड्यात तसंच म्हणाली होती. मी पायावर बोट दाबलं, खळगा पडला आणि तसाच राहिला. केंद्रात रक्तदाब मोजला तो १६० च्या वर. सिस्टरनी इंजेक्शन दिलं, १०८ ला फोन केला आणि तासाभरात ती मोठ्या दवाखान्यात होती. मूल लवकर झालं, वजन दोन किलोच्या आत. दोघंही आहेत. मुलगी आता अंगणवाडीत जाते.

डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, ताप, झटके. एवढे शब्द तरी प्रत्येक आशाला आपल्या गल्लीच्या भाषेत यायलाच हवेत.

६. एकीचा अपमान अख्ख्या गल्लीत कळतो

२०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि घरी परत येण्याची गाडी, सगळं मोफत आहे. हे मी घरोघरी सांगत होते. मग एका दवाखान्यात माझ्या गल्लीतल्या बाईला कळा चालू असताना कुणीतरी नको ते बोललं. तिच्या तिसऱ्या बाळंतपणावरून आणि कपड्यांना येणाऱ्या तंबाखूच्या वासावरून. वर बाहेरून औषधं आणायला चिठ्ठी दिली. ती घरी आली आणि पुढचे सहा महिने चार घरांनी कर्ज काढून खाजगी दवाखाना धरला. त्या कर्जाचे हप्ते विडीवर फिटतात. मला कुणाला दोष देऊन मोकळं व्हायचं नाही, कारण तिथल्या सिस्टर एका खोलीत किती जणींना बघतात तेही मी पाहिलं आहे. पण कळा सोसणाऱ्या बाईला बोलणं हे माफ करण्यासारखं नाही. तेव्हापासून जमेल तिथे मी सोबत जाते, चिठ्ठी हातात पडली की योजनेचं नाव घेऊन शांतपणे विचारते, आणि बऱ्याचदा औषध आतूनच मिळतं.

७. माहेरी गेली म्हणून वहीतून गेली असं नाही

पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्या सुना तेलंगणात जातात, कलबुर्गीला जातात, अक्कलकोटला जातात. आधी सातव्या महिन्यानंतर माझ्या नोंदीत रेघ पडायची. आता निघण्याआधी माता बाल संरक्षण कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो तिच्याच मोबाइलमध्ये काढून देते आणि तिथल्या आशाला गाठायला सांगते. फोन करते. एवढंच.

८. बाळंतीण घरी आली की काम संपत नाही

दवाखान्यातून आल्यावर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा आमच्या सहा भेटी. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून सिद्ध केली. शहरात ती तितकीच लागते. बाळाला झोळीत घालून वजन करताना घर जमा होतं. बाळंतिणीकडे मात्र कुणी बघत नाही. म्हणून मी आधी तिला विचारते, किती कपडे बदलावे लागतात, वास येतो का, थंडी वाजते का, रडू येतं का. एका बाईने शेवटच्या प्रश्नावर तासभर सांगितलं, तोपर्यंत शेगडी विझून गेली. आणि विडीला पुन्हा बसण्याची घाई केली तर सूप बाळापासून दूर आणि पाजण्याआधी हात धुणं, हे प्रत्येक भेटीत सांगते.

९. कागदावरचं नाव

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात. आधारवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं, एवढ्यावर ते अडकतात. लग्न झाल्या झाल्या नाव जुळवून घ्या.

शहरात घरं बदलतात. या महिन्यात माझ्या भागात सहा नवीन भाडेकरू आले, त्यांतल्या एकीला पाचवा महिना आहे. तिच्याबद्दल मला पाणी भरायला आलेल्या शेजारणीने सांगितलं, म्हणून कळलं. तुमच्या शेजारी, तुमच्याकडे भाड्याने, तुमच्या घरी कामाला अशी कुणी असेल आणि तिचं कार्ड निघालेलं नसेल, तर तिला विचारून जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात तिच्या गल्लीची आशा कोण आहे ते विचारा आणि पत्ता द्या. पाण्याचा दिवस कोणता तेही सांगा. आशा त्याच्या दुसऱ्या दिवशी जाईल.